गाठीबाहेरची गाठ

कर्करोगाची गाठ म्हटली की डोळ्यांसमोर हद्द असलेली वस्तू येते. तिची लांबी-रुंदी मोजता येते, शस्त्रक्रियेत ती कापून काढता येते आणि कड मोकळी आहे की नाही हे पॅथॉलॉजीच्या अहवालात वाचता येते. या पद्धतीला भक्कम आधार आहे आणि तिने असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत. तरीही गेल्या तीसेक वर्षांत जमत गेलेला पुरावा तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की, रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने गाठीची हद्द तिच्या कडेशी संपत नाही. कर्कपेशी आपल्या पटलाचे सूक्ष्म बुडबुडे सतत रक्तात आणि लसिकेत सोडत असतात. जिथे एकही कर्कपेशी पोहोचलेली नाही अशा लसिकाग्रंथीतही ते जातात आणि आपल्या संरक्षक पेशींना तिथेच निष्प्रभ करू शकतात.

या बुडबुड्यांना एक्झोसोम म्हणतात. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत ते शेकड्यांनी मावतील. १९८३ साली सेंट लुईस आणि माँट्रियल इथल्या दोन संशोधक गटांना ते लाल रक्तपेशी घडताना दिसले. अपक्व पेशीला पुढे नको असलेली लोह आत घेणारी प्रथिने अशा बुडबुड्यांत भरून बाहेर टाकली जात होती. मॅकगिल विद्यापीठातल्या रोझ जॉनस्टन मेंढीच्या रक्तपेशींवर काम करत होत्या. १९८७ साली त्यांच्या गटाने एक्झोसोम हे नाव रूढ केले. पेशीचा केरकचरा, अशीच त्यांची ओळख पुढे बरीच वर्षे राहिली. १९९६ मध्ये ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रोगप्रतिकारशक्तीच्या बी-पेशींनी सोडलेले एक्झोसोम तिच्याच टी-पेशींना उत्तेजित करू शकतात, तेव्हा ही समजूत टिकणे कठीण झाले. यामागची रचना समजून घेण्याजोगी आहे. पेशीचे बाह्यपटल आत वळून पिशवी होते, त्या पिशवीचे पटल पुन्हा तिच्या पोकळीत वळून बारीक बुडबुडे होतात, आणि पिशवी पेशीच्या कडेला जाऊन फुटली की ते बाहेर पडतात. दोनदा वळण घेतल्यामुळे प्रथिनाची जी बाजू मूळ पेशीवर बाहेर होती तीच बुडबुड्यावरही बाहेर येते. म्हणजे पेशीचा चेहरा जसाच्या तसा प्रवासाला निघतो.

या चेहऱ्यावर पीडी-एल१ हे प्रथिन असेल तर काय होते, हा कळीचा प्रश्न. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि पीडी-एल१ तो दाबते. हा ब्रेक शोधणारे तासुकू होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वेई गुओ यांच्या गटाने दाखवले की मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगातल्या पेशी पीडी-एल१ लावलेले एक्झोसोम सोडतात, आणि टी-पेशींनीच स्रवलेले इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन पोहोचले की त्यांच्यावरचे पीडी-एल१ वाढते. हल्ला होताच ब्रेक दाबणारे हात दूरवर पाठवले जातात. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट ब्लेलॉक यांच्या गटाने याहून निर्णायक प्रयोग केला. उंदरांतल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींतून एक्झोसोम सोडण्यासाठी लागणारे जनुक काढल्यावर गाठी नीट वाढेनात. बाहेरून एक्झोसोम टोचले की वाढ परत येई, पण पीडी-एल१ नसलेले टोचले तर येत नसे. सर्वांत बोलकी गोष्ट पुढची. एक्झोसोम न सोडणाऱ्या पेशी एकदा टोचलेल्या उंदरांना नंतर साध्या कर्कपेशी दिल्या, तरी त्यांच्या टी-पेशींनी त्या रोखल्या. दूरची मुस्कटदाबी थांबताच प्रतिकारशक्तीला स्मरण आले होते.

यावर पहिला आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो गंभीर आहे. एक्झोसोम वेगळे करायला द्रव गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने फिरवावा लागतो, आणि तळाशी बसलेल्या साक्यात इतर प्रथिने, मेदकणही येतात. शिवाय प्रयोगशाळेत दिलेली मात्रा शरीरातल्या मात्रेशी जुळेलच असे नाही. या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये काटेकोर निकष जाहीर करावे लागले, ते याच गोंधळामुळे. केवळ साका टोचून काढलेल्या निष्कर्षांवर मीही फार भार देणार नाही. पण जनुक काढून केलेल्या प्रयोगात काहीच वेगळे करून टोचावे लागत नाही. पेशी स्वतःच मुकी होते. ब्लेलॉक यांच्या गटाने तर रॅब२७ए आणि दुसरे एक अगदी वेगळे जनुक, अशा दोन वाटांनी हा मार्ग बंद केला आणि परिणाम एकाच दिशेचा आला.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: हेच कण प्रतिकारशक्तीला जागेही करतात. २००१ मध्येच पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले होते की गाठीच्या एक्झोसोममधून कर्करोगाची ओळख पटवणारी प्रथिने मिळवून टी-पेशी तयार होतात. २०१७ च्या एका अभ्यासात न पसरणाऱ्या मेलॅनोमाचे एक्झोसोम फुप्फुसात गस्त घालणाऱ्या मोनोसाइट पेशींना चेतवून उलट प्रसार रोखताना आढळले. मग त्यांना शत्रू कसे म्हणायचे? माझे उत्तर असे की कण स्वतः निरोप्या आहे; निरोप काय, हे तो पाठवणाऱ्या पेशीच्या अवस्थेवर आणि तो घेणाऱ्यावर अवलंबून असते. बॉस्टनच्या फेर्दिनांदो पुच्ची आणि मिकाएल पिटे यांच्या २०१६ च्या कामाने ही घेणाऱ्याची बाजू उघड केली. लसिकाग्रंथीच्या वेशीवरच्या मॅक्रोफेज पेशी गाठीचे कण गिळून अडवतात; गाठ वाढताना किंवा काही औषधांनी ही फळी विस्कळीत होते, कण आतल्या बी-पेशींपर्यंत जातात आणि गाठीला पोषक प्रतिसाद उठतो. मेलॅनोमाच्या रुग्णांतही कणांवरच्या पीडी-एल१ चा अर्थ वेळेवर ठरतो. गुओ यांच्या अभ्यासात उपचारापूर्वी ते जास्त असलेल्यांना औषधाचा लाभ सहसा कमी झाला, तर उपचार सुरू झाल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत ज्यांच्यात ते वाढले त्यांच्यात लाभ दिसला, कारण तिथे ती वाढ म्हणजे टी-पेशी पुन्हा लढू लागल्याची खूण होती.

हा तपशील आपल्याकडे पुस्तकी नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगांनी आपली रुग्णालये भरून वाहतात. पीडी-१ चा ब्रेक सोडवणारी औषधे अतिशय महाग आहेत, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने याच प्रश्नाला भिडत १५१ रुग्णांची चाचणी घेतली: नेहमीच्या मात्रेच्या अगदी थोडा अंश, म्हणजे दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, तोंडाने घ्यायच्या औषधांना जोडून. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तरी निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष काढू शकले नाहीत, आणि औषध कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येणे म्हणजे इथल्या घराची उपचारासाठी विकावी लागणारी जमीन वाचणे आहे. पिट्सबर्गच्या थेरेसा व्हाइटसाइड आणि सहकाऱ्यांना २०१८ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगात असे आढळले की रोगाचा जोर रक्तात सुट्या फिरणाऱ्या पीडी-एल१ शी जुळत नाही, एक्झोसोमवर बसलेल्याशी जुळतो. रुग्णांची संख्या लहान होती. रोजच्या तपासणीत उतरण्याआधी हे मोठ्या प्रमाणावर पडताळायला हवे, आणि तंबाखूच्या कर्करोगाचा एवढा भार वाहणाऱ्या देशाने ती पडताळणी इतरांवर सोडू नये असे मला वाटते.

मग हे कण सुटण्याचा मार्गच औषधाने का बंद करू नये? इथे शरीराची काटकसर आडवी येते. ज्या रॅब२७ए शिवाय कर्कपेशीला एक्झोसोम नीट सोडता येत नाहीत, तेच टी-पेशीलाही लागते. २००० साली पॅरिसमध्ये उमगले की ग्रिसेली सिंड्रोमच्या एका प्रकारात हेच जनुक बिघडलेले असते. रंगद्रव्याच्या पिशव्या पुढे सरकत नाहीत म्हणून या मुलांचे केस रुपेरी दिसतात. आणि त्यांच्या टी-पेशी शत्रूला ओळखतात, त्याला चिकटतात, पण मारण्यासाठी भरून ठेवलेल्या विषाच्या पिशव्या त्यांना रिकाम्या करता येत नाहीत.