ऐकून तपासता येणारे पान
(दृष्टिहीनांसाठी संगणकावरील लेखनाची मांडणी)

दृष्टी गेली म्हणजे लेखणीही गेली, असा एक समज आपल्या समाजात अजूनही आढळतो. हा समज किती चुकीचा आहे, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. मी बँकेत लिपिक आहे. काही वर्षांपूर्वी माझी दृष्टी हळूहळू कमी होत गेली व आज मी पडद्यावरचे अक्षर वाचू शकत नाही. तरीही शाखेचा पत्रव्यवहार मी स्वतः टंकलिखित करतो. हे कसे साधते, याची माहिती आपल्या सभासदांना, आणि विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. 'जॉज' हा त्यातील जुना व नावाजलेला, परंतु महाग आहे. 'एनव्हीडीए' हा दुसरा पूर्णपणे मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली. तो मराठीही वाचतो. खालील माहिती 'एनव्हीडीए' व 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' यांना धरून दिली आहे.

चूक ऐकू येत नाही

सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. मी वरिष्ठ कार्यालयासाठी एक पत्र तयार केले, दोन वेळा ऐकले, शुद्धलेखन तपासले आणि सहीसाठी पाठवले. पत्र परत आले. विषयाची ओळ ठळक केल्यावर मी ठळकपणा बंद करायला विसरलो होतो, त्यामुळे अर्धे पान काळेकुट्ट झाले होते. मथळा मध्यभागी यावा म्हणून मोजून दिलेल्या मोकळ्या जागांमुळे तो भलतीकडेच गेला होता. कोणी रागावले नाही. "यापुढे कोणाला तरी दाखवून पाठवत जा," एवढेच मला सांगण्यात आले. परंतु तेच शब्द मनाला लागले.

यातील मर्म असे की, स्क्रीन रीडर शब्द वाचतो. शब्द कसे दिसतात हे तो आपण विचारल्याशिवाय सहसा सांगत नाही. तेव्हा विचारायचे कसे, हे प्रथम शिकले पाहिजे.

विचारण्याची रीत

ज्या अक्षरावर कर्सर आहे तेथे 'इन्सर्ट' व 'एफ' या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराचा टाइप, आकार, ठळकपणा, ओळीची बाजू इत्यादी माहिती संगणक बोलून दाखवतो. हीच जोडी लागोपाठ दोनदा दाबली तर ती माहिती वेगळ्या चौकटीत येते व सावकाश वाचता येते. पत्र पूर्ण झाल्यावर मथळा, विषय, पहिला परिच्छेद व सहीची जागा, एवढ्या चार ठिकाणी ही विचारणा केली तरी बहुतेक चुका सापडतात.

वाचता वाचताच बदल कळावेत असे वाटत असेल तर 'इन्सर्ट', 'कंट्रोल' व 'डी' दाबून येणाऱ्या यादीत हव्या त्या बाबींवर खूण करावी. मात्र सर्वच खुणा केल्या तर मजकुरापेक्षा वर्णनच जास्त ऐकावे लागते. तपासणीच्या वेळी खूण करावी, एरवी काढून टाकावी.

नित्य लागणाऱ्या कळा थोड्याच आहेत. 'कंट्रोल'बरोबर 'बी' दाबल्यास अक्षर ठळक, 'यू' दाबल्यास अधोरेखित होते. 'ई'ने ओळ मध्यभागी, 'एल'ने डावीकडे व 'आर'ने उजवीकडे जाते. 'कंट्रोल' व 'एंटर'ने नवे पान सुरू होते. 'कंट्रोल' व 'डी'ने अक्षरांची चौकट उघडते. त्या चौकटीत देवनागरी अक्षरांसाठी निराळा रकाना असतो, हे लक्षात ठेवावे. केवळ इंग्रजीच्या रकान्यात आकार बदलल्यास मराठी मजकूर आहे तसाच राहतो.

दिसणे आणि असणे

आता मुख्य मुद्दा. एखादी ओळ मोठी व ठळक केली की ती डोळसांना मथळ्यासारखी दिसते. परंतु संगणकाच्या लेखी ती साधी ओळच असते. तीच ओळ 'ऑल्ट', 'कंट्रोल' व '१' दाबून 'हेडिंग' या शैलीत घातली, तर तो खरा मथळा होतो. उपमथळ्यासाठी '२' वापरावा. परत साध्या मजकुराकडे येण्यासाठी 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'एन' दाबावे. शैलीचा रंग किंवा आकार पसंत नसेल तर ती शैलीच एकदा बदलून ठेवावी. मग त्या पत्रातील सर्व मथळे एकसारखे होतात.

याचा लाभ वाचतानाही होतो. 'इन्सर्ट' व 'स्पेस' दाबून वाचनाच्या पद्धतीत गेले की नुसत्या 'एच' कळीने एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जाता येते. 'इन्सर्ट' व 'एफ७' दाबल्यास मथळ्यांची यादीच समोर येते. शंभर पानांच्या टिपणात हवे ते प्रकरण शोधायला डोळस विद्यार्थी पाने चाळतो. मथळे खरे असतील तर दृष्टिहीन विद्यार्थीही तेच काम तितक्याच वेळात करतो. ते नसतील तर त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते.

तक्त्याचेही तसेच. मोकळ्या जागा देऊन पाडलेले रकाने डोळ्यांना सरळ दिसतात. कानाला मात्र नावे आणि रकमा यांची खिचडी ऐकू येते. खरा तक्ता घातला असेल तर 'कंट्रोल', 'ऑल्ट' व बाणाच्या कळांनी एकेका घरात जाता येते व आपण कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात आहोत हे कळते.

डोळस सभासदांना विनंती

येथे डोळस बंधू-भगिनींचा संबंध येतो. आपल्याकडे पुष्कळ मराठी मजकूर अद्याप जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होतो. त्यात पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकात भलत्याच इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवलेला असतो. स्क्रीन रीडर ते चिन्ह वाचतो व ऐकणाऱ्याला एक शब्दही समजत नाही. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास हा प्रश्न मिटतो. तसेच पानाचे छायाचित्र काढून पाठवण्यापेक्षा मूळ फाइल पाठवावी. टिपणे, सूचना, जमाखर्च, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सर्व युनिकोडमध्ये, खऱ्या मथळ्यांसह व खऱ्या तक्त्यांसह तयार करण्यास एक पैसाही जादा लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखीव ठेवल्या असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. कायद्याने खुर्ची मिळते, पण त्या खुर्चीवर बसून काम स्वतःच करावे लागते. आपले पत्र दरवेळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून घ्यावे लागले तर नोकरी मिळूनही मनात कमीपणा राहतो. आज माझे पत्र मी स्वतः तपासतो आणि स्वतःच पाठवतो. चूक झालीच तर ती इतर कोणाही लिपिकाची होते तशीच असते.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी दृष्टिहीन विद्यार्थी असेल, त्यांनी हा लेख त्याला वाचून दाखवावा, एवढीच विनंती. कळा पाठ व्हायला महिना-दोन महिने लागतील. त्यानंतर वाचून दाखवण्याची गरज त्याला फारशी उरणार नाही.