अस्वलाने मंत्र कसा म्हणावा?

ड्रुइड नावाचा मांत्रिक अस्वलाचे रूप घेतो, तेव्हा त्याची बुद्धी आणि पाठ केलेले मंत्र त्याच्यापाशीच राहतात. जातात ते फक्त ओठ आणि बोटे. मग त्याला मंत्र टाकता यावा की नाही? टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या कथाखेळांत हा वाद जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली आला. 1978 च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात मंत्रांना तीन घटक दिसतात: उच्चार, हातवारे आणि सामग्री. तोंडात बोळा कोंबला की पहिला घटक गेला, हात बांधले की दुसरा. हिशेब सरळ आहे, पण माणसाचे धडधाकट शरीर धरून केलेला. म्हणून इतर देहांची गाठ पडली की तो अडखळतो. 2014 च्या आवृत्तीत ड्रुइडला पशुरूपात मंत्र टाकायचा तर वीसपैकी अठरावी पातळी गाठावी लागते, आणि तरीही सामग्री लागणारे मंत्र वर्ज्यच. त्याच आवृत्तीतला एकशिंगी घोडा मात्र एकही घटक न वापरता आपली जादू करतो. खूर दोघांना असू शकतात. एकाला ते जन्मतः मिळाले म्हणून सूट, दुसऱ्याने ते धारण केले म्हणून बंदी. घोड्याची जादू उपजत आणि ड्रुइडची शिकलेली, हे उत्तर तयार असते. पण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त एक पायरी मागे सरकतो.

हा गुंता आपल्याकडे फार पूर्वी सोडवायला घेतला गेला होता, आणि तोही खेळ म्हणून नव्हे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा आहे: यज्ञ कोणी करावा? पुण्याच्या आनंदाश्रमाने शाबरभाष्यासह छापलेल्या या ग्रंथात पशूंचा प्रश्न आहे, देवांचा आहे आणि अंगहीन माणसाचाही. आंधळा आज्याकडे, म्हणजे यज्ञातल्या तुपाकडे, पाहू शकत नाही, पांगळा विष्णुक्रमाची पावले टाकू शकत नाही. मग यज्ञ पुरा कसा व्हायचा? उत्तर असे, की व्यंग बरे होण्याजोगे असेल तर अधिकार आहे, कायमचे असेल तर नाही. एवढ्यावर थांबले असते तर तो निव्वळ निष्ठुरपणा ठरला असता. पण पुढे एक भेद येतो, आणि आजच्या नियमकर्त्यांनी तो जरूर पाहावा. नित्यकर्म जमेल तेवढ्या अंगांनी केले तरी चालते. काम्यकर्म, म्हणजे विशिष्ट फळासाठी केलेले, सगळ्या अंगांसह व्हावे लागते. थोडक्यात, सवलत किती द्यायची हे कर्त्याच्या देहावर नव्हे, तर त्या कर्मातून काय मागितले आहे त्यावर ठरते.

अर्थात याच अध्यायात शूद्रांना यज्ञाधिकार नाकारला आहे. बादरी या आचार्याचे मत अधिकार सर्वांना असावा असे होते. ते नोंदवून बाजूला सारले गेले. 'याला जमणार नाही' आणि 'याला करू द्यायचे नाही' ही दोन वाक्ये किती सहज एकमेकांच्या जागी बसतात, हे इथे दिसते. पैठणची कथा नेमकी याच ठिकाणी बोट ठेवते. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्र हवे होते, कोणी टोमणा मारला की समोरच्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे, आणि मग रेड्याच्या मुखातून वेद उमटले. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्या रेड्याची समाधी दाखवतात. 1940 साली 'प्रभात'ने हा प्रसंग पडद्यावर आणला. कथेत रेड्याला माणसाची जीभ फुटत नाही. तो रेडाच राहतो आणि वेद म्हणतो.

मग खेळात हे घटक हवेत कशाला? माझ्या मते ते जादूच्या उगमाविषयी काही सांगत नाहीत. ते जादू उघड करतात. समोरच्याला कळावे की काहीतरी घडते आहे, आणि ते थांबवण्याची संधी त्याला मिळावी. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची जुनी रीत होती. गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारख्या नियंत्रित बाजारात उघड लिलावाचा आग्रह आला, तो शेतकऱ्याला आपल्या मालाची बोली ऐकू यावी म्हणून. पुकारणाऱ्याचा गळा कसा आहे याच्याशी त्या नियमाला देणेघेणे नाही. मंत्राचेही तसेच धरावे. मुक्या मांत्रिकाने काठी आपटली किंवा अस्वलाने ठरावीक गुरगुर केली, ती शत्रूला जाणवली आणि रोखता आली, म्हणजे घटकाचे काम झाले.

यावर पहिला आक्षेप समतोलाचा, आणि तो पोकळ नाही. 2003 च्या साडेतीन आवृत्तीत 'नॅचरल स्पेल' हे कौशल्य घेतले की पशुरूपातला ड्रुइड आवाज आणि हालचालींनी मंत्र टाकू शके. तो इतका वरचढ झाला की लढवय्या पात्राला शेजारी बसून बघण्याखेरीज फारसे काम उरेना. पण दोष पर्यायी उच्चारांचा नव्हता. कौशल्य एकदा घेतले की पुढे प्रत्येक मंत्राला वेगळी किंमत नव्हती, हा होता. त्याच पुस्तकात न बोलता मंत्र टाकण्याचीही सोय आहे, पण तिथे तो मंत्र एक पातळी वरचा धरला जातो. ऐकू न येणाऱ्या पात्राचा उच्चारी मंत्र फसण्याची शक्यता वीस टक्के ठेवली आहे. ही तरतूद मला पटत नाही, कारण कायमच्या बहिऱ्या मांत्रिकाने विद्या आपल्या देहाला जुळवूनच आत्मसात केली असणार. 'गर्प्स' या खेळात प्रावीण्य वाढते तसे शब्द आणि हातवारे कमी होत जातात. ते अधिक समंजस वाटते.

दुसरा आक्षेप असा, की अस्वल झालेला ड्रुइड आणि हात नसलेला मांत्रिक यांना एका तराजूत घालणे अपमानास्पद आहे. मान्य. पहिल्याने रूप हौसेने घेतले आहे, शिवाय पंजे आणि ताकद पदरात पाडून. त्याच्याकडून दर वेळी किंमत घ्यावी. दुसऱ्याचा तो देहच आहे, त्याला त्याचे पर्यायी घटक पहिल्या पातळीपासून, फुकट मिळावेत. 2021 च्या 'कँडलकीप मिस्टरीज'मधल्या एका अधिकृत साहसात व्हीलचेअरवरून फिरता येईल असे भुयार आले, तेव्हा खेळ काही बिघडला नाही. आणि हे सारे डंजन मास्टरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर, सोडून द्यावे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते: त्या रात्री त्याची मर्जी नसेल तर? सामग्रीचा प्रश्न तेवढा त्याच्याकडे खुशाल सोपवावा. पिशवी अस्वलाच्या गळ्यात कोणी बांधायची, हे टेबलावरची मंडळी ठरवतील.