काटेरी रूममेट

होस्टेलच्या खिडकीत किंवा कॉट बेसिसच्या खोलीत आपलं म्हणून एखादं झाड असावं, असं तुम्हालाही कधीतरी वाटलं असेलच. मग आठवतं, गेल्या वर्षी आणलेली तुळस परीक्षेच्या आठवड्यात वाळली आणि मनीप्लँट दिवाळीच्या सुट्टीत गेला. अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो, 'कॅक्टस घे रे, तो मरत नाही!'

हे साफ खोटं आहे. कॅक्टस मरतो. माझा तर लाड करून करूनच मरायला टेकला होता. रोज सकाळी ब्रश करताना मी त्याला अर्धा मग पाणी घालायचो. जुलैच्या मध्यावर एक दिवस सहज हात लावला, तर बुडाशी पिकल्या केळ्यासारखा मऊ! दोन दिवसांत आडवा झाला. वरचा वीतभर तुकडा तेवढा वाचला. कसा, ते पुढे सांगतो.

आणायचा कुठून?

पहिल्यांदाच लावणार असाल तर खांबासारखा सरळ उभा वाढणारा सेरियस घ्या. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये सहज मिळतो. 'सेरियस' या लॅटिन शब्दाचा अर्थच मेणबत्ती. नर्सरीत लाल-पिवळा गोळा डोक्यावर घेतलेले कॅक्टस आपल्याला खुणावतात, पण ते एका खोडावर दुसऱ्याचं कलम असतं आणि बहुतेकदा काही वर्षंच टिकतं. काही ठिकाणी तर वाळकी फुलं चक्क गोंदाने चिकटवलेली असतात. नीट बघून घ्या.

खरं तर विकत घ्यायचीही गरज नाही. जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडला टेकून वाढलेला उंच सेरियस दिसला, की बेल वाजवा आणि काकूंकडे एक तुकडा मागा. झाडं वाढवणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

पण शेताच्या बांधावरून काही तोडून आणू नका. तिथला त्रिधारी निवडुंग किंवा थोर दिसतो तसाच, पण तो कॅक्टस नाही, युफोर्बिया आहे. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर थेट डॉक्टर गाठावा लागतो. खऱ्या कॅक्टसची खूण म्हणजे काट्यांचा झुबका एका बारीकशा लोकरी गादीतून निघतो.

कुंडी आणि माती

कुंडी मातीचीच घ्या. ती वजनदार असते, त्यामुळे उंच झाड कलंडत नाही आणि ओलही लवकर सुकते. खाली भोक हवंच. साधारण अर्धा भाग जाडी वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, उरलेल्या अर्ध्यात बागेतली माती आणि थोडं कंपोस्ट. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. पाणी ओतल्यावर काही सेकंदांत खालून बाहेर आलं, तर मिश्रण जमलं समजा. लावताना वर्तमानपत्राची जाड पट्टी झाडाभोवती गुंडाळून धरा, हाताला काटे लागत नाहीत.

पाणी कधी?

कॅक्टसचे काटे म्हणजे रूपांतर झालेली पानंच. अन्न तयार करण्याचं काम हिरवं खोड करतं. बाकीची बहुतेक झाडं दिवसा आपली छिद्रं उघडतात, हा मात्र रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. खोडाच्या उभ्या घड्या हार्मोनियमच्या भात्यासारखं काम करतात. पाणी मिळालं की फुगतात, संपत आलं की आत जातात. म्हणजे तहान लागली की झाड स्वतःच सांगतं.

म्हणून कॅलेंडर बघून पाणी घालू नका. मातीत बोट किंवा काडी खुपसा, आतपर्यंत कोरडी लागली तरच घाला. घालाल तेव्हा भरपूर घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. पावसाळ्यात कुंडी ग्रिलवरून आत, छपराखाली घ्या. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. वरून पाऊस, खालून माझा मग!

ऊन हवंच

कॉम्प्युटरशेजारी ठेवलेला कॅक्टस रेडिएशन शोषतो, ही निव्वळ थाप आहे. उलट टेबलावरच्या अंधारात त्याचाच शेंडा फिकट आणि पेन्सिलीसारखा बारीक होत जातो. तो भाग नंतर कधी जाड होत नाही. रोज चार-सहा तास ऊन मिळेल अशी खिडकी द्या. मात्र सावलीतलं झाड एकदम मे महिन्याच्या उन्हात नेलंत, तर भाजल्याचे पांढुरके डाग पडतात. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू सवय लावा. नागपूर-चंद्रपूरकडे तर कोवळ्या झाडाला दुपारी सावलीच बरी.

सडलाच तर?

आधी घाबरू नका. बुंधा तपकिरी पण कडक असेल, तर ते फक्त वय आहे. मऊ आणि ओलसर असेल, तर मात्र सड. धारदार सुरी स्पिरिटने पुसा आणि मऊ भागाच्या वर कापा. कापलेल्या जागी एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत चकत्या काढत जा. उरलेला तुकडा सावलीत, वारा लागेल असा दोन आठवडे ठेवून द्या. जखमेवर कडक खपली धरली, की कोरड्या मिश्रणात उभा करा आणि आणखी दोन आठवडे पाणी बंद. हेच सगळ्यात अवघड. रोज बघायचं आणि काहीच करायचं नाही! काकूंकडून आणलेला तुकडाही असाच लावायचा, फक्त वरची बाजू वरच राहील हे बघा.

पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा.

माझा वीतभर तुकडा आता कमरेपर्यंत आलाय. सेरियसचं मोठं पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. माझ्याकडे अजून आलेलं नाही. काही वर्षं लागतात, कुंडीत कधीकधी येतही नाही.

कोर्स संपून खोली सोडाल तेव्हा झाड टेम्पोत मावणार नाही कदाचित. मग शेंडा कापून सोबत न्या आणि बुंधा ज्युनिअरसाठी ठेवून जा. त्याला बाजूने नवे फुटवे येतात. फक्त ज्युनिअरला एवढं सांगून ठेवा, 'रोज पाणी घालू नकोस.'