विश्लेषण : क्रॉस कंट्री शर्यतीसाठी परवडणारी ‘हार्डटेल’ कशी निवडावी?

जाड टायर आणि पुढे स्प्रिंग दिसली की सायकल डोंगरातल्या शर्यतीची, असा समज सर्रास आढळतो. पण पहिल्या खरेदीत चूक झाली, तर वर्षभरात दुसरी सायकल घेण्याची वेळ येते. नवोदित स्पर्धकाच्या घरचे बजेट तेवढे नसते.

क्रॉस कंट्री शर्यत काय असते?
१९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे. मातीची वाट, दगड, तीव्र चढ-उतार असलेल्या साधारण ४ ते ६ किलोमीटरच्या मार्गावर अनेक फेऱ्या माराव्या लागतात. चढणीवर बराच वेळ जात असल्याने वजनाला महत्त्व असते.

अ‍ॅल्युमिनियम हार्डटेलच का?
हार्डटेलमध्ये सस्पेन्शन फक्त पुढे असते. त्यामुळे वजन, किंमत आणि देखभाल कमी. फ्रेम कार्बनपेक्षा स्वस्त पडते. कमी पैशांत मागेही सस्पेन्शन मागितले, तर इतर भाग हलक्या दर्जाचे मिळतात.

आधी काय पाहावे?
फ्रेमचे माप आणि फोर्क. चुकीच्या मापाची फ्रेम नंतर दुरुस्त होत नाही. फोर्क १०० ते १२० मिलिमीटरचा, शक्यतो हवेचा असावा. स्वाराच्या वजनानुसार त्यातील दाब बदलता येतो. स्प्रिंगचा फोर्क जड असतो आणि ही सोय त्यात नसते. फ्रेमची हेडट्यूब ‘टॅपर्ड’, म्हणजे खाली रुंद होणारी असेल, तर पुढे चांगला फोर्क बसवणे सोपे जाते. दोन्ही चाकांना थ्रू-एक्सल असल्यास उत्तम.

गिअर, ब्रेकचे काय?
हायड्रॉलिक डिस्क ब्रेकबाबत तडजोड नको. पुढे एकच चक्र आणि मागे १० ते १२ गिअर पुरतात. मागच्या हबवर आटे फिरवून बसवायचे फ्रीव्हील नव्हे, तर कॅसेट आहे ना, हे दुकानदाराला विचारावे. महागडे गिअर, हलकी चाके नंतरही घेता येतात.

जुनी सायकल घ्यावी का?
घेता येते. मात्र वारंवार ताण पडून अ‍ॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. हेडट्यूब, पेडलजवळचा भाग आणि सीटखालचे वेल्डिंगचे सांधे पुसून, उजेडात तपासावेत. तडा दिसल्यास सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. हेल्मेट, ट्यूबलेस टायर आणि फोर्कच्या पंपासाठीचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवावेत.