मोटार डब्यात, मालक बर्थवर

रोज संध्याकाळी पाच वाजता वॉशिंग्टनच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरच्या लॉर्टन गावातून एक ट्रेन सुटते. त्याच वेळी फ्लोरिडातल्या सॅनफर्डहून तिची जोडीदार निघते. दोघींमध्ये प्रवासी असतात आणि त्या प्रवाशांच्या मोटारीही. मध्यरात्री कुठेतरी दोघी एकमेकींना ओलांडून पुढे जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुक्कामी पोहोचतात. अंतर सुमारे 1,375 किलोमीटर, वेळ साधारण सतरा तास. ही अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीची ‘ऑटो ट्रेन’. न्यू जर्सी-मेरीलँडकडच्या ज्या मराठी कुटुंबांनी मुलांना डिस्ने दाखवायला आय-95 महामार्गावर दोन दिवस स्टिअरिंग धरलंय, त्यांना हिचं मोल वेगळं सांगायला नको.

मोटार नाही? मग तिकीटही नाही!

या ट्रेनचा पहिला नियमच गमतीचा आहे. मोटार किंवा मोटारसायकल सोबत असेल तरच तिकीट मिळतं. नुसता माणूस चालत नाही, नुसती मोटारही चालत नाही. दोघांनी जोडीनंच यायचं. एकदा मोटार डब्यात गेली की सकाळपर्यंत तिचं दर्शन नाही. म्हणून रात्रीची औषधं, मुलांचे कपडे, मोबाइलचा चार्जर आधीच काढून घ्यावा लागतो. डिकीत राहिलं ते सॅनफर्डलाच हाती येतं.

मोटार तुम्ही चढवत नाही. स्टेशनात शिरताना तिचं चहूबाजूंनी चित्रीकरण होतं, म्हणजे नंतर ओरखड्यावरून वाद नको. मग दारावर चुंबकाने चिकटणारा एक नंबर लागतो आणि किल्ली कर्मचाऱ्यांकडे जाते. ते मोटारी एकामागून एक बंदिस्त, मजली वॅगनमध्ये नेऊन उभ्या करतात. सकाळी हाच नंबर पुकारला जातो. आता खरी मेख ऐका. जो आधी आला त्याची मोटार आधी उतरेल, असं मुळीच नाही! वॅगन कोणत्या क्रमाने रिकाम्या होतील यावर सगळं अवलंबून. सर्वांत आधी पोहोचलेल्याचा नंबर सर्वांत शेवटी लागू शकतो. ज्यांना थांबायचं नाही, त्यांच्यासाठी जादा पैसे भरून मोटार लवकर उतरवून घेण्याची सोय आहे.

पाऊण मैलाची ट्रेन

दोन इंजिनं, दुमजली डबे आणि मागे मोटारींच्या वॅगनची रांग. डबे-वॅगन मिळून संख्या चाळीसच्या पुढे जाते आणि पूर्ण भरलेली ट्रेन पाऊण मैल, म्हणजे जवळपास सव्वा किलोमीटर लांब होते. जगातल्या सर्वांत लांब प्रवासी गाड्यांमध्ये हिची गणना होते. इतकी लांब गाडी एका फलाटाला लावायची कशी? लावतच नाहीत. प्रवासी डबे एकीकडे उभे राहतात, मोटारींच्या वॅगन सोडवून, तुकडे करून रॅम्पला नेऊन लावतात. शेवटची मोटार बाहेर पडायला तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो. सतरा तासांत ठरलेला थांबा एकच, दक्षिण कॅरोलायनातलं फ्लॉरेन्स. तिथे चालक-गार्ड बदलतात, इंधन-पाणी भरलं जातं. प्रवाशाला चढउतार नाही. बहुतेक जण तेव्हा गाढ झोपेत असतात.

लॉर्टनच का, थेट न्यूयॉर्क का नाही? कारण उंची. मोटारींच्या या उंच वॅगन वॉशिंग्टन आणि त्यापुढच्या जुन्या, बुटक्या बोगद्यांत बसत नाहीत. त्यामुळे उत्तरेच्या लोकांना आधी लॉर्टनपर्यंत मोटार हाकत यावं लागतं. तरीही ते येतात. थंडी पडू लागली की उत्तरेतले निवृत्त आजी-आजोबा चार-पाच महिन्यांसाठी फ्लोरिडाला जातात. तिथे मोटारीवाचून पान हलत नाही, आणि त्या वयात एवढं अंतर स्वतः चालवायचं नसतं. ही ट्रेन तगली ती प्रामुख्याने यांच्या जिवावर.

जांभळ्या रंगाचा जुगार

ही कल्पना मुळात अ‍ॅमट्रॅकची नाहीच. अमेरिकेच्या परिवहन खात्यात काम केलेल्या यूजीन गारफिल्ड यांनी खासगी कंपनी काढली आणि 6 डिसेंबर 1971 ला पहिली ऑटो-ट्रेन सोडली. वर्ष लक्षात घ्या. तोट्यातल्या प्रवासी गाड्या खासगी रेल्वे कंपन्या सरकारच्या गळ्यात बांधून मोकळ्या होत होत्या, त्यासाठीच त्या मे महिन्यात अ‍ॅमट्रॅकचा जन्म झाला होता. अशा वेळी एक माणूस उलट दिशेने निघाला. जांभळा, पांढरा, लाल असे झगझगीत रंग, काचेच्या घुमटाचे जुने डबे, दिमतीला होस्टेस! लोकांनी गाडी अक्षरशः उचलून धरली. पण लुईव्हिलहून काढलेली दुसरी सेवा फसली, अपघातांनी खर्चाचा डोंगर उभा केला आणि 1981 च्या एप्रिलअखेरीस कंपनीची शेवटची गाडी धावली. 1983 च्या ऑक्टोबरअखेर अ‍ॅमट्रॅकने तीच दोन टोकं धरून सेवा पुन्हा सुरू केली आणि ती आजही चालू आहे. कंपनी बुडाली, कल्पना मात्र शंभर नंबरी होती. माझ्या मते गारफिल्ड यांचं नाव रेल्वेच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवं.

युरोपात कुणी थांबलं, कुणी टिकलं

इंग्रजांनी हे 1955 मध्येच करून पाहिलं होतं. लंडन ते स्कॉटलंडमधलं पर्थ, रात्रीची गाडी, मोटारीसकट. पुढे ‘मोटोरेल’ नावाने तिचं जाळं पसरलं, पण महामार्ग सुधारले आणि 1995 मध्ये ते संपलं. जर्मन रेल्वेनेही 2016 मध्ये हात आखडता घेतला. ऑस्ट्रियाच्या रात्रगाड्या काही मार्गांवर अजून मोटारी नेतात. फिनलंडचं उदाहरण तर झकास आहे. हेलसिंकीत मोटार स्वतःच वॅगनवर चढवायची, झोपायचं आणि सकाळी आर्क्टिक वृत्ताशेजारच्या रोव्हानिएमीला उतरायचं.

आणि आपली कोलाड-वेर्णा

मालवाहू ट्रक ट्रेनवर चढवायचं काम कोकण रेल्वे 1999 पासून करते आहे. रो-रो म्हणतात ते हेच. चालक आपल्या ट्रकमध्येच बसून बोगद्यांतून, पुलांवरून प्रवास करतो. घाटातली चढण नाही, डिझेलचा धूर नाही, टायरची झीज नाही. हा इतका जुना अनुभव गाठीशी असताना मोटारींची पाळी यायला 2025 चा गणेशोत्सव उजाडावा लागला. रायगडमधलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, एका खेपेला 40 मोटारी, मोटारीमागे 7,875 रुपये. एका मोटारीसोबत तिघांना जोडलेल्या डब्यात बसायची मुभा, माणसांचं तिकीट वेगळं. पहिल्या जाहीर वेळापत्रकात कोलाडहून सुटायची वेळ होती संध्याकाळी पाच, थेट लॉर्टनसारखी! पोहोचायची वेळ पहाटे पाच.

प्रतिसाद मात्र थंड मिळाला आणि त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. गणपतीला निघालेल्या मुंबईकराला जायचं असतं चिपळूणला, रत्नागिरीला, कणकवलीला. वेर्णा त्याच्या गावाच्या कितीतरी पुढे. सिंधुदुर्गात नांदगावचा थांबा मागाहून दिला, तोवर बऱ्याच जणांचे बेत ठरून गेले होते. शिवाय कोलाड गाठेपर्यंत महामार्गावरची कोंडी सोसायची, वर तीन तास आधी हजर व्हायचं. लॉर्टनला पोहोचणाऱ्याचे पुढचे 1,375 किलोमीटर वाचतात, आपल्याकडे सव्वाचारशेच्या आसपास. हिशेब जुळायला हवा तर चढायचं ठिकाण मुंबईच्या जवळ हवं आणि उतरायला रत्नागिरी हवी.

म्हणून कोकण रेल्वेला मनापासून विनंती आहे, एका हंगामाच्या आकड्यांवरून ही सेवा गुंडाळू नका. पनवेलच्या आसपास रॅम्प बांधा, रत्नागिरीला थांबा द्या, आरक्षण दोन-तीन महिने आधी उघडा आणि गणपतीबरोबर होळी आणि मे महिन्याची सुट्टीही धरा. दोन-तीन वर्षं नेटाने चालवून पाहा, कोकणातला माणूस मोटार घेऊन येईल.