पसंतीचा नंबर आणि गावचा रस्ता

एमएच २१ च्या पुढे ०००१ किंवा ९९९९ लागावा म्हणून जालना जिल्ह्यातली हौशी मंडळी मोठी रक्कम मोजायला तयार असतात. मग भोकरदन किंवा मंठ्याकडच्या आतल्या रस्त्याने खड्डे चुकवत जाताना हमखास विषय निघतो: आरटीओने एवढा पैसा घेतला, तो गेला कुठे? प्रश्न रास्त आहे. पण तो चुकीच्या दारात विचारला जातो आणि खरं उत्तर ज्यांनी द्यायचं, ते सुटतात.

गैरसमज: नंबरचा पैसा जिल्ह्यातल्या रस्त्यांना मिळतो

मिळत नाही. पसंतीच्या क्रमांकाचं शुल्क राज्य सरकार ठरवतं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ते वाढलं. चारचाकीसाठी ०००१ चा दर ३ लाखांवरून ५ लाखांवर गेला, दुचाकीसाठी ५० हजारांवरून १ लाखावर. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा जास्त मागणीच्या ठिकाणी चारचाकीचा हाच नंबर ६ लाखांना आहे. जालना त्या यादीत नाही. एकाच नंबरावर दोघांनी दावा केला, तर बंद पाकिटातला जास्त रकमेचा डीडी ज्याचा, त्याला नंबर मिळतो.

हा सगळा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथे तो इतर महसुलात मिसळतो आणि विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पाप्रमाणे खर्च होतो. जालन्याचं आरटीओ कार्यालय हे फक्त वसुलीचं ठिकाण. जिल्हा परिषदेला किंवा २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झालेल्या जालना शहराला त्यातून ठरावीक हिस्सा मिळत नाही.

‘रोड टॅक्स’चंही तसंच. कायद्यातलं त्याचं नाव मोटार वाहन कर. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला तो एकरकमी ११ टक्के भरावा लागतो. लोक त्याला रस्त्याचा कर म्हणतात म्हणून तो रस्त्यासाठी राखून ठेवलेला नसतो.

गैरसमज: एचएसआरपीचे पैसेही सरकारने रस्त्यासाठीच घेतले

एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली ही पाटी सुरक्षेसाठी आहे. दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी. मूळ रक्कम पाटी बनवून बसवणाऱ्या कंत्राटदार कंपनीची. सरकारकडे जातो तो जीएसटी. रस्त्याचा इथे संबंधच नाही.

आणखी एक समज तरुणांना महागात पडतो. पैसे भरून आकडे मिळतात, ते वाकवायची परवानगी नाही. ४१४१ चा ‘दादा’ किंवा ८०५५ चा ‘बॉस’ करून रंगवला, तर नंबर रीतसर विकत घेतलेला असला तरी दंड होतोच.

मग जालन्यासाठी खास पाटीच का काढू नये?

जादा शुल्क घेऊन ते ठरावीक कामाला देणाऱ्या खास पाटीची कल्पना परदेशात जुनी आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये खास पाटी काढली. तिथे पाटी ज्या कामाच्या नावाने काढली, त्याच कामासाठी जादा शुल्क वेगळं काढलं जातं. आपल्याकडे पाटीचा रंग, अक्षरं आणि मांडणी केंद्राच्या नियमांनी ठरलेली, त्यामुळे जिल्ह्याला स्वतःची पाटी काढता येत नाही. फार तर पसंतीच्या नंबराच्या शुल्कातला वाटा जिल्ह्याला द्या, अशी मागणी राज्याकडे करता येईल. ती मला योग्य वाटते, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

हिशेब करून बघा. ग्रामीण डांबरी रस्त्याला किलोमीटरमागे ६० लाख धरले, तर ०००१ च्या पूर्ण ५ लाखांत सुमारे ८३ मीटर रस्ता होतो. आणि ०००१ एका मालिकेत एकदाच येतो. ९९९९ संपून नवी मालिका उघडेपर्यंत दुसरा नाही. वर्षात दोन हजार जणांनी पाच-पाच हजार जादा दिले असं समजलं, तरी होतो १ कोटी, म्हणजे पावणेदोन किलोमीटरही नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत.

रस्त्यांसाठी मोठा पैसा येतो तो जिल्हा नियोजन समितीकडून, राज्याच्या ३०५४ (देखभाल) आणि ५०५४ (नवी बांधकामं) या लेखाशीर्षांतून, आमदारांनी सुचवलेल्या २५१५ या लेखाशीर्षाच्या कामांतून, प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते पाहावं. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खातं पाहतं. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे.

रस्ता नवा असून उखडला असेल, तर कामाच्या फलकाचा फोटो काढावा. त्यावर लांबी, रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ही मुदत पाच वर्षांची आहे. फलकच नसेल, तर संबंधित बांधकाम विभागाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दोषदायित्वाची शेवटची तारीख मागावी.