मूर्त संगीत

मूर्त संगीत : निसर्गातील, यंत्रांचे, वाद्यांचे वा मानवी आवाज मुद्रित करून, ते मुद्रण कापून, उलटे किंवा कमीअधिक वेगाने वाजवून व पुन्हा जोडून रचलेले संगीत. एरवी रचनाकाराच्या मनातील कल्पना स्वरलिपीत उतरते आणि वादकाकरवी अखेर ध्वनिरूप घेते. येथे प्रारंभच प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या, ‘मूर्त’ ध्वनीपासून होतो, म्हणून हे नाव. फ्रेंच नभोवाणीतील अभियंते पिएर शेफेर (१९१०–९५) हे याचे प्रवर्तक होत. त्यांच्या पाच ‘गोंगाट-अभ्यासां’चे प्रक्षेपण ५ ऑक्टोबर १९४८ रोजी पॅरिसहून झाले. त्यांतील एक अभ्यास तेथील बातिन्योल स्थानकावर मुद्रित केलेल्या आगगाडीच्या आवाजांवर रचलेला होता.

या संगीतातील कृतींपेक्षा त्याने श्रवणाविषयी उपस्थित केलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. व्यवहारात मनुष्य बहुधा ध्वनी ऐकत नाही, त्याचे कारण ऐकतो. शिट्टी वाजताच गाडी आल्याचे त्यास कळते. शिट्टीचा पोत व चढउतार मात्र दुर्लक्षित राहतात. ही सवय मोडण्याचे साधन शेफेर यांना ध्वनिमुद्रणात सापडले. ध्वनिफीत हाती येण्यापूर्वी ते तबकड्यांवर काम करीत. तबकडीवरील सर्पिल खाच एखाद्या ठिकाणी वर्तुळाकार बंद केली, की सुई तेथेच फिरत राहते आणि मिनिटास ७८ फेऱ्यांच्या गतीने सु. ०·७७ सेकंदाचा तुकडा अखंड ऐकू येतो. काही आवर्तनांनंतर ध्वनीचे मूळ मागे पडून त्याची लय व घडण तेवढी जाणवू लागते. बोलण्याबाबतही असाच अनुभव येतो. एखादा वाक्यांश जसाच्या तसा पुनःपुन्हा ऐकविल्यास तो गायिल्यासारखा भासू लागतो, असे मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना १९९५ मध्ये आढळले. ध्वनीत कोणताही बदल झालेला नसतो. बदल श्रोत्याच्या संवेदनात होतो.

शेफेर यांचा घंटेवरील प्रयोग याहून उद्बोधक आहे. घंटेच्या मुद्रणातून टोल्याचा आरंभक्षण वगळून उरलेल्या नादाची घटती तीव्रता त्यांनी सम केली, तेव्हा तो ओबो या सुषिर वाद्यासारखा वाटू लागला. वाद्याची ओळख केवळ त्याच्या स्वरकांनी होत नसून आरंभीचा आघात व तीव्रतेचा उतार यांवरही अवलंबून असते, हे त्यावरून दिसते.

या अनुभवांना त्यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात तात्त्विक रूप दिले. कारण व अर्थ बाजूस ठेवून ध्वनी हीच वस्तू मानून ऐकणे, यास ते ‘न्यूनीकृत श्रवण’ म्हणतात. पडद्याआडून बोलणाऱ्या पायथॅगोरस व त्याच्या शिष्यांच्या आख्यायिकेचा आधारही त्यांनी घेतला. अर्थात हे कितपत साधते, याविषयी शंका घेता येते. आगगाडीच्या अभ्यासात आगगाडी ऐकू येतेच. पिएर आंरी यांच्या सहकार्याने रचलेल्या व १९५० मध्ये सादर झालेल्या एकाकी माणसाच्या सिंफनीत तर पावलांचे आवाज व मानवी उद्‌गार हेच मर्म आहे.

कॅनडातील संगीतकार आर. मरी शेफर (१९३३–२०२१, नामसाधर्म्य केवळ योगायोगाचे) यांनी उलट बाजू मांडली. ध्वनीची त्याच्या उगमापासून यंत्राने केलेली ताटातूट त्यांना रोगट वाटली आणि तिला त्यांनी ‘स्किझोफोनिया’ असे नाव दिले. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये व्हँकूव्हर परिसरातील ध्वनींचे मुद्रण प्रसिद्ध केले, ते धुक्याचे भोंगे, घंटा इ. आवाज त्यांच्या स्थळासह ओळखता यावेत यासाठी. साधन मात्र तेच, ध्वनिमुद्रक.